काकींनी न उच्चारलेला शब्द

जमलेल्या काका-काकूंनो, मित्रांनो, आणि दीना,

सकाळी सवयीने रेमंडकाकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. त्यांची मुलगी दीना दारात आली. आजच्या शोकसभेबद्दल म्हणाली, "यू स्पीक. यू न्यू हिज वर्क." मला बोलता येत नाही हो. कॉलेज अर्धवट सोडलेला, काकांच्या बेसमेंटमधला भाडेकरू मी. शुद्धलेखन बरं, म्हणून ते मला टाइप करायला बसवायचे. चुकलो तर सांभाळून घ्या.

काम काय होतं? तुम्हीच चेष्टा करायचात. "वसईचा माणूस, स्कारबरोत बसून कझाक शब्द वेचतो!" पण आयगुलकाकी कझाक होत्या. लग्नानंतर त्या एकदा "किताप" म्हणाल्या, मग "दुनिये" म्हणाल्या, आणि काका चमकले. अरबीतून निघालेले शब्द. तिकडे काकींच्या गावी पोचले, इकडे काकांच्या वसईत.

कझाक तुर्की कुळातली भाषा; त्या कुळाच्या जुन्या हस्तलिखितांत असे शब्द अरबी धाटणीनेच लिहिलेले. 'हिसाब'मधला ह तिथे शाबूत. लोक बोलत कसे होते, ते कागद सांगत नाही. काकी म्हणायच्या "एसेप". ह गेला. आपल्या हिशेबात तो राहिला.

म्हणून काकांचा नियम. जुन्या पोथीतला शब्द काकींच्या तोंडून, सहज यायला हवा. विचारायचं नाही. सुचवायचं नाही. चहा घ्यायचा आणि ऐकत राहायचं. आला, की मी टाइप केलेल्या यादीत त्यापुढचा रिकामा चौकोन भरायचा.

एकच शब्द येईना. 'सबर'. आपली सबूर.

काकींना ते कळलं होतं. केटल उकळेपर्यंत दम नसलेली बाई! त्या हसून, काकांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणायच्या, "रेमंड, जो माल घर में नहीं, उसका नाम क्यों लूँ?"

मागच्या विंटरमध्ये काकी गेल्या. शब्द न उच्चारताच.

दीना म्हणायची, "डॅड, जस्ट आस्क समबडी एल्स." काका म्हणायचे, "मग तो दुसऱ्याचा शब्द होईल, बाळा. हे तुझ्या आईचं बोलणं आहे."

हॉस्पिटलमध्ये शेवटी काकांना श्वास पुरत नव्हता. दीना घाबरून पुन्हा पुन्हा नर्सला बोलवत होती. काकांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "सबर."

दीनाने माझ्याकडे पाहिलं. "दॅट्स द वर्ड, राइट? राइट इट डाउन!"

काकांनी ऐकलं. मान हलवली. नाही. त्यांनी तो पोथीतून शिकलेला, आणि शिकलेल्याचं तोंड त्यांच्या नियमात चालत नाही.

मी लिहिलं नाही. चौकोन रिकामा आहे. काय करू त्याचं? दीनाला कझाक येत नाही, मराठी थोडी कळते. मला फक्त टाइप करता येतं. हे काम आता पुढे जाणार नाही. खोटा धीर मी देणार नाही, काकांनाही तो चालला नसता.

आपण उभे राहू या. दोन मिनिटं स्तब्ध राहू. काकी असत्या तर अर्ध्यातच खुर्ची ओढून बसल्या असत्या. आज कोणी घाई करू नका.