चाफ्याची वाडी

आमच्या सासूबाईंनी हवाईच्या बाईला रडवलं, ते सांगितलं का तुम्हाला?

सौदीत, यान्बूच्या आमच्या कंपाउंडमध्ये पूलपाशी हवाईयन पार्टी होती. पाहुण्यांच्या गळ्यात घालायला प्लॅस्टिकच्या माळा आणलेल्या. सासूबाई नुकत्याच नाशिकहून आल्या होत्या. माळा बघून म्हणाल्या, “दारात चाफा फुललाय आणि हे काय?” आणि बसल्या ओवायला.

पार्टीला कैला आली. आमच्या हॉस्पिटलातली नर्स, मूळची हवाईची, सातवा महिना; हे सासूबाईंना माझ्याकडून आधीच कळलेलं. मी माळ घालायला गेले, तर सासूबाईंनी माझा हातच धरला. “पोटुशी आहे ती. तिची फुलांची वाडी भरायची!” आणि पिशवीतून फुलांचे दागिने काढले.

“अहो आई, हे डोहाळजेवण नाहीये!”

ऐकतात कुठल्या! मनगटांवर चाफा, दंडांवर चाफा, डोक्यावर मुकुट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कैला मनगटांकडे बघत राहिली आणि रडायलाच लागली. म्हणाली, “आमच्याकडे हुला नाचताना असंच सजवतात. आणि गरोदर बाईच्या गळ्यात बंद माळ घालतच नाहीत. यांना हे कोणी शिकवलं?”

मी सासूबाईंना विचारलं.

“शिकवायचंय काय त्यात? सांग तिला, नाशिकला सगळ्यांना येतं.”

मी सांगितलं. आणि सगळ्या पूलला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे जोडलं, “माझ्या सासूबाई आहेत!”