काठीवरचा पिंगळा

मडकं होतं, हे तू मला सांगतेस रुचा? बेचाळीस वर्षं संसार केलाय, मडकं ओळखता येतं मला. ज्वारीच्या रानात काठीवर पालथं घातलेलं, चुन्याचे डोळे काढलेलं — आणि त्याच्याकडे बोट दाखवून आमच्या ह्यांनी दहा मिनिटं व्याख्यान दिलं! 'पाहा, पिंगळा थंडीत कसा पिसं फुगवून बसलाय, पिसांत हवा कोंडते, तीच त्याची गोधडी —' पिंगळाही किती गुणी, मानसुद्धा हलवली नाही. हस, हस. पहिल्याच सहलीला एवढं ज्ञान मिळालं, नशीबवान आहेस.

बस ना. बाकीचे अजून धरणाच्या पाण्यावर बदकं मोजताहेत. फेब्रुवारी संपत आला तरी ही थंडी — पाखरं थंडी कशी सोसतात ते बघायला नगरहून पहाटे निघून शेवगावपर्यंत कुडकुडत यायचं! बगळा एक पाय पोटाशी घेतो, मुनिया एकमेकींना खेटून बसतात — ह्यांना सगळं पाठ. स्वतः मात्र कानटोपी घालणार नाहीत. का, तर पाखरांचे आवाज ऐकू येत नाहीत. आता आवाजावरच तर सगळं — म्हणजे, आवाज महत्त्वाचा असतो ना. काही नाही गं. चहा घे.

बरं, पिंगळा मीच सांगितला. मीच! सकाळपासून विचारताहेत, 'विजया, तारेवर काय आहे, बांधावर काय आहे' — आणि मी आपली 'काही नाही, काही नाही.' तोंड एवढंसं झालं त्यांचं. मग म्हटलं, तो बघा पिंगळा, कसा गुबगुबीत. केवढे खूश झाले! मला काय माहीत, सगळ्यांना गोळा करून शिकवायलाच लागतील? मास्तरकीची खोड जाते थोडीच — अशी काय बघतेस? काचबिंदू आहे त्यांना. डावा डोळा गेला, उजव्याने नळीतून दिसावं एवढंच दिसतं. झालं समाधान? कुणाला बोललीस तर बघ. ही मंडळी भली आहेत, लगेच शाल-नारळ देऊन सत्कार करतील आणि घरी बसवतील. ते घरी बसले तर — भीती वाटते गं मला. मला कुठलं पाखरांचं वेड? जन्मभर मी त्या दुर्बिणीला सवत म्हणत आले. आणि आता रोज दुपारी पुस्तक घेऊन चित्रं पाठ करते, शेपटी तोकडी की लांब, डोक्यावर पट्टे किती — आणि इथं येऊन त्यांच्या कानात सांगते. पाखरांच्या यादीवर सही त्यांची! म्हणून म्हणते, तो मडक्याचा फोटो काढून टाक मोबाईलमधून.

काय? आधीच काढून टाकलास? कुणी सांगितलं? — सगळ्यांनी? म्हणजे मघाशी सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या, 'वा सर, काय फुगलाय' म्हणाले, तो अमृत तर वहीत लिहून घेत होता — समोर मडकं दिसत असताना? आणि ह्यांना दिसत नाही हे तुला खरं वाटेना म्हणून मला विचारायला आलीस. कधीपासून माहीत आहे ह्या मंडळींना?

दिवाळीपासून?

कमाल आहे. आणि मी मेली कुजबुजून घसा बसवून घेतला! नको, मला नको चहा. ते बघ, आलेच बांधावरून, पायाने वाट चाचपत — हाक नको मारूस. मी जाते. हात धरून आणते, आता कुणापासून लपवायचं? तू गाडीत जाऊन बस. बस म्हटलं ना — माझ्या मागे येऊ नकोस.