साडी नेसून खंडेराव मार्केटात

अरे, घरात मी कित्येक वर्षं साडी नेसतो, पण ती नेसून बाहेर पडायला चाळिशी उजाडली. गेल्या रविवारी बायको म्हणाली, "चल, मी आहे ना बरोबर!" आणि भर सकाळी आम्ही दोघं खंडेराव मार्केटात गेलो. तिथे एक गुजराती भाजीवाली मावशी माझ्याकडे टक लावून बघायला लागली. शेवटी तिने विचारलंच, "साडी पहेरतां कोणे शीखव्युं?"

मोबाईलवर बघून शिकलो, असं मी माझ्या घोगऱ्या आवाजात सांगितलं. म्हटलं, आता संपलं! तर ती तराजू ठेवून उठली, तिने माझ्या निऱ्या नीट केल्या आणि शिकवलं नाही म्हणून बायकोलाच झापलं, "बेन, तमे घरमां छो, तोय भाईने मोबाईलमां जोवुं पड्युं?"