बाबांचं घड्याळ आणि कपाटातला सर्व्हर

...आणि वर मलाच विचारतो, 'आपण कोण?' म्हणजे माझ्याच छापखान्यात, माझ्याच कपाटात, माझ्याच विजेवर घूं घूं करत बसलेला तो डबा मला विचारतो आपण कोण, आणि नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला, तरी म्हणतो, ओळख पटली नाही. आता घरमालकालाच भाडेकरूने दारात उभं केलं तर त्याने काय करावं? बरं, मी अडाणी असतो तर एक वेळ समजू शकलो असतो. पण तुम्हाला सांगतो, नेटवर्क मला कळतं.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस नुसताच चिडलाय. आमच्या छापखान्यात मी मशीनवर, बायको डिझाइनला आणि माझे बाबा हिशेबाला. हिशेबाला नावापुरते हं, खरं काम सगळ्यांवर नजर ठेवायचं. बायकोचं कॉम्प्युटर सफरचंदवालं, बाबांचं खिडकीवालं, आणि दोघांचं आपसात अजिबात पटत नाही. कॉम्प्युटरांचं म्हणतोय मी. सासरे-सुनेचं उत्तम पटतं, माझ्याविरुद्ध तर फारच पटतं. तर फाइल इकडून तिकडे न्यायची म्हणजे पेन ड्राइव्ह हवा, आणि पेन ड्राइव्ह कुठे, तर बाबांच्या शर्टाच्या खिशात, आणि शर्ट कुठे, तर धुवायला टाकलेला... शेवटी बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मेहुणा, जो एका मोठ्या कंपनीत हेच काम करतो, तो आला आणि कपाटात सर्व्हर बसवून गेला. सर्व्हर तिसऱ्याच घराण्यातला, पेंग्विनवाला. म्हणाला, "दाजी, आता प्रत्येकाला एक नाव, एक पासवर्ड. कुठल्याही मशीनवर बसा, सगळ्यांच्या फायली एका जागी." मी म्हटलं, मला काय समजावतोस, नेटवर्क मला कळतं. त्याने सगळ्या फायली त्यात हलवल्या, आणि हलवल्या म्हणजे हलवल्याच, जुनी जागा झाडून स्वच्छ! मग आम्हा सगळ्यांना एकेकदा आत शिरून दाखवायला लावलं, चहा घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हा सगळा प्रकार झाला, आणि झाला कशावरून, तर बायकोच्या पुस्तकावरून. चष्मा हरवलेल्या घुबडाची गोष्ट आहे, चित्रं तिची, शब्दही तिचे. आता बघा, इतकी वर्षं ही बाई दुसऱ्यांची नावं मांडत आलीय, डॉक्टरांची, दुकानदारांची, निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांची आणि पडलेल्यांची, आणि पहिल्यांदा कशावर तरी तिचं स्वतःचं नाव येणार होतं. माझी तर छाती फुगली होती. प्रकाशकाने सांगितलं होतं, पाचच्या आत फाइल आली पाहिजे, पाचला आमची यादी बंद, त्यानंतर आलं तर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, ते तुम्हीही जाणता आणि तीही जाणते.

तर दुपार कलल्यावर ती म्हणाली, शेवटची नजर टाकते आणि पाठवते. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आता हे सफरचंदवालं मशीन फार सभ्य बरं का, तोंडाने नाही म्हणत नाही, नुसती ती पासवर्डची चौकट अशी... अशी मान हलवते. पुन्हा टाकला, पुन्हा मान हलली. मी म्हटलं, "सरक. पासवर्ड विसरली असशील." ती म्हणाली, "घरातल्या सगळ्यांचे चष्मे कुठे आहेत ते माझ्या लक्षात असतं आणि कालचा पासवर्ड विसरेन?" मी म्हटलं, माणूस विसरतो. मग मी माझं नाव टाकलं, माझा पासवर्ड टाकला... मान हलली. बायकोने हाताची घडी घातली. ती घडी तुम्ही बघायला पाहिजे होती.

तुम्ही म्हणाल, स्वतःचा लॅपटॉप काढायचा. दुरुस्तीला दिला होता. नेटवर्क कळणाऱ्या माणसाचा लॅपटॉप दुरुस्तीला... हसा, हसून घ्या. मग बाबांना उठवलं आणि त्यांच्या मशीनवर बसलो. हे खिडकीवालं सभ्य वगैरे नाही, हे सरकारी. म्हणालं, आपलं नाव चुकीचं असेल, किंवा पासवर्ड चुकीचा असेल, किंवा आपल्याला परवानगी नसेल, तरी आपण आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधावा. माझे व्यवस्थापक शेजारीच उभे होते. म्हणाले, "माझी खुर्ची कधी देतोस?"

मग मी ठेवणीतले उपाय काढले. वायर काढून घातली. सर्व्हर बंद करून चालू केला. मेहुण्याच्या नावाने चार शब्द बोललो. पासवर्ड सावकाश टाकून पाहिला, रागाने टाकून पाहिला. बायको एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि दोन्हीकडे सारख्याच नजरेने. शेवटी म्हणाली, "जाऊ दे. नसेल व्हायचं." ते मात्र मला लागलं. मी छापखान्याच्या जुन्या फोनवरून मेहुण्याला गाठलं, कारण मोबाइल कामाच्या वेळी बंद, हा बाबांचा नियम.

मी म्हटलं, "तुझा डबा कोणालाच ओळखत नाहीये."

"दाजी, ताईच्या मशीनवर किती वाजलेत?"

आता इथे जीव टांगणीला लागलाय आणि हा वेळ विचारतो! मी म्हटलं, "पाचला दोन मिनिटं कमी आहेत, चेष्टा करू नकोस."

तर तो म्हणतो, "इथे तर पावणेपाचसुद्धा व्हायचेत."

मी भिंतीकडे पाहिलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं. आणि बाबा, ते मात्र खिडकीबाहेर बघायला लागले.

तर त्याचं झालं असं, की बाबा रोज सकाळी भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतात आणि बाकीची घड्याळं त्यावरून लावतात. त्या दिवशी सकाळी म्हणाले, मेहुणा येऊन गेल्यापासून या दोन्ही कॉम्प्युटरांची घड्याळं मागे पडलीत, आणि केली की त्यांनी ती पुढे! आणि भिंतीवरचं पहिल्यापासूनच पुढे. "कामाला शिस्त लागते," म्हणाले, "तुझ्यासाठीच ठेवलं होतं पुढे." म्हणजे इतकी वर्षं मी छापखान्यात वेळेवर येत होतो आणि रोज उशिरा आलास म्हणून बोलणी खात होतो. मला वाटायचं माझा मोबाइल मागे आहे.

इकडे फोनवर मेहुणा समजावतोय, "दाजी, सर्व्हर नुसता पासवर्ड बघत नाही, मशीनने कोणत्या वेळी ओळख दिली तेही बघतो. दोघांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की त्याला वाटतं, हा कोणीतरी लबाड आहे." मी म्हटलं, आहेच, पण तो माझा बाप आहे.

बायकोने घड्याळ मागे करायला माउसवर हात ठेवला आणि थांबली. छापखान्यातल्या घड्याळाला बाबांशिवाय कोणी हात लावत नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "कर मागे, सूनबाई. घुबड आधी जाऊ दे."

तिने मागे केलं, पासवर्ड टाकला आणि चौकटीने मान हलवली नाही. सगळ्या फायली समोर! फाइल गेली, प्रकाशकाचं 'मिळाली' असं उत्तर आलं, भिंतीवर पाच कधीच वाजून गेले होते आणि खरे पाच अजून व्हायचे होते. बायको रडली आणि मला म्हणाली, "तुझ्यामुळे नाही हं." बाबा म्हणाले, "बघ, मी घड्याळ पुढे ठेवलं म्हणून वेळ उरला." ज्यांनी कुलूप घातलं तेच किल्ली दिली म्हणून शाबासकी घेऊन गेले.

पण संपलं नाही. घड्याळं खरी ठेवायला बाबा तयार होईनात. त्यांनी मेहुण्याला बोलावलं, चहा पाजला आणि कपाटातल्या सर्व्हरचंच घड्याळ पुढे करून घेतलं. आता तीन घराण्यांची तीन यंत्रं आणि भिंत, सगळी एकाच चुकीच्या वेळेवर, आणि कुठलीही फाइल मागा, हसतमुखाने मिळते.

काल माझा लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. एकदम नवा, घड्याळ अगदी बिनचूक. बसलो, नाव टाकलं, पासवर्ड टाकला... ओळख पटली नाही. बायको मान वर न करता म्हणाली, "पासवर्ड विसरला असशील." बाबा घड्याळाला चावी देत म्हणाले, "उशिरा आला असेल." तुम्हाला सांगतो, नेटवर्क मला कळतं. मी मुकाट्याने लॅपटॉपचं घड्याळ पुढे केलं आणि कामाला लागलो.