हुग्गीचा गूळ

शिवलीला : चालत न्हाई म्हंजी न्हाईच, मामंजी. नळाच्या कंत्राटदारानं करून बघितलं. गूळवाल्याकडं हा रुपया जातच न्हाई.

हणमंतप्पा : आसा कसा रुपाया? सरकारचाच हाय न्हवं?

शिवलीला : सरकारचाच, पण डिजिटल. नळासाठी दिलाय, तर पाईपच्या दुकानातच चालणार. मजुरी मजुराच्याच फोनवर. दुसरीकडं वळवला की अडतो.

हणमंतप्पा : मंग बैलापरास शाना म्हनायचा! दुसऱ्याच्या रानात तोंड घालत न्हाई. दाव बरं, कुठं हाय?

शिवलीला : हे बघा. इथनं निघाला, पाईपवाल्याकडं पोचला. गावात कुणीबी आपल्या फोनवर बघावं.

हणमंतप्पा : कुनीबी? ब्येस झालं. माज्या सुनंला, सरपंचबाईला, कुनी चोर म्हनायचं न्हाई. पन जत्रा तोंडावर आली. देवळाचा पंच म्हनून लोक मलाच धरतील. गावाचं काम जो घेतो त्यानं जत्रंच्या हुग्गीला, गव्हाच्या खिरीला, गहू-गूळ द्यायचा, ही आपली रीत. देवाचंच काम हाय त्ये.

शिवलीला : रीत हाय खरी. लग्न होऊन आले तवापासनं मीबी वाटीवर वाटी खाल्ली.

हणमंतप्पा : मंग? कुनाचं काय आडलं त्यात?

शिवलीला : मामंजी, मागच्या खेपेला वरच्या वस्तीला नळ का न्हाई गेला?

हणमंतप्पा : पाईप कमी पडला.

शिवलीला : आन त्याच्या आधी?

हणमंतप्पा : तवाबी... कमीच पडला.

शिवलीला : यंदा त्याच वस्तीत धुरपदाबाईच्या दारात नळ बसला, वर पाईप उरला. निधी तेवढाच होता.

(हणमंतप्पा तिच्या हातातला फोन घेऊन पडद्यावर बोट सरकवतात.)

हणमंतप्पा : ह्यात मागलं दिसतं का गं? रोख नोटा चालायच्या तवाचं?

शिवलीला : न्हाई. त्या कुठं गेल्या, कुणाला ठाव?

हणमंतप्पा : मला ठाव हाय की. हुग्गीचं पातेलं घिऊन पंगतीत म्याच फिरतो.

शिवलीला : जीवाला लावून घेऊ नका. यंदा गूळ घरोघर मागू. मी येते संगं.

हणमंतप्पा : मागू. लाज न्हाई त्याची. पन लेकी, ती धुरपदाबाई दरसाली वाढून झालं की पाया पडायची माज्या. 'पोट भरलं, अप्पा' म्हनायची. आन म्या तिला तिच्याच नळाचा गूळ वाढत हुतो.