कानांची पोती

(जून २००८. आयोवातल्या एका लहान शहरात नदी चढते आहे. शाळेच्या पटांगणाबाहेर उभी असलेली गाडी. समोर वाळूचा ढीग आणि पोती भरणारी माणसं. दुपारचे चार.)

नाना : मला घरी सोड. तुला वाटलं तर तू परत ये. मी त्या ढिगाकडे आता जाणार नाही.

आश्लेषा : आधी पाणी प्या. सकाळी आठपासून उन्हात उभे आहात, नाना.

नाना : तहान नाही.

आश्लेषा : झालं काय, ते तरी सांगा. मी ट्रकपाशी होते. बघते तर तुम्ही हातमोजे काढून ढिगावर ठेवलेत आणि चालू लागलात.

नाना : तुझ्या त्या लाल टोपीवाल्याला विचार.

आश्लेषा : वॉल्टला? अग्निशमन दलाचा आहे तो. इथली सगळी व्यवस्था तोच बघतोय.

नाना : त्यानं माझं पोतं फोडलं. चारचौघांत. खिशातून चाकू काढला, सुतळी कापली, अर्धी वाळू माझ्या पायाशी ओतली. आणि मग हसून पाठीवर थाप मारली.

आश्लेषा : एवढंच ना?

नाना : एवढंच? लातूरच्या आडतीत अडतीस वर्षं मापाडी होतो मी. तुझं शिक्षण त्या काट्यावर झालं. तिथं ज्याचं पोतं फोडून बघतात, तो चोर. अडतीस वर्षांत माझ्या पोत्याला कुणी हात लावला नाही. तूर नव्हे, हरभरा नव्हे, वाळूसाठी इथं येऊन चोर ठरलो.

आश्लेषा : माप कमी होतं म्हणून नाही फोडलं त्यानं. जास्त होतं म्हणून.

नाना : जास्त भरल्याबद्दल कुणाचं पोतं फोडतात काय?

आश्लेषा : इथं फोडतात. चूक माझी आहे. सकाळी सूचना दिल्या तेव्हा प्लान्टवरून तुमच्या जावयाचा फोन आला आणि मी बाजूला गेले. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. पोतं अर्धंच भरायचं असतं.

नाना : अर्धं.

आश्लेषा : फार तर बोटभर वर. तोंड बांधायचं नाही, दुमडून खाली घालायचं.

नाना : असलं पोतं आडतीत ठेवलं तर उंदीरसुद्धा हसतील.

आश्लेषा : हसू देत. तुरीचं पोतं उभं राहायला हवं असतं, नाना. हे निजायला हवं. अर्धं असलं की आतली वाळू सरकते, खालच्या पोत्यांच्या खाचेत जाऊन बसते. गळ्यापर्यंत भरलेलं पोतं म्हणजे धोंडा. धोंड्यावर धोंडा रचला की मधे फट राहते, आणि पाणी फट शोधतच येतं.

नाना : म्हणजे भरलेली वाळू नाही, सोडलेली जागा पाणी अडवते.

आश्लेषा : तसंच काहीसं.

नाना : हे मला आधी का नाही सांगितलं कुणी? सकाळपासून सगळे नुसते अंगठा वर करून छान छान म्हणत होते.

आश्लेषा : एकाहत्तर वर्षांचा माणूस इतकं मन लावून काम करतोय, कोण काय बोलणार? तुमच्या जोडीला कोण होतं?

नाना : तुझी मैत्रीण, मालिनी. ती फावडं मारत होती, मी तोंड धरत होतो. दोनदा म्हणाली, काका, बस. मी म्हटलं, पुण्याची माणसं माप मारायचीच.

आश्लेषा : तिच्या तोंडावर म्हणालात?

नाना : मग काय पाठीमागं म्हणू?

आश्लेषा : आता आठवडाभर ऐकून घ्यावं लागणार मला.

नाना : तू ऐकून घे. मी मंगळवारी विमानात असेन. तुझ्या इथं माझं काही काम नाही, हे त्या चाकूनं सांगितलंच.

आश्लेषा : तिकीट पुढं ढकलता येतं. चार वेळा म्हणाले मी. पण आई गेल्यावर सहा महिने इथं राहूनही तुमची सुटकेस अजून रिकामी केलेली नाही. रोज तिच्यातूनच सदरा काढता, रोज पुन्हा सुतळी बांधता. खोलीतलं कपाट रिकामं आहे, नाना. तुमच्यासाठीच रिकामं ठेवलंय.

नाना : आशू.

आश्लेषा : काय?

नाना : जेवणानंतरची पोती इथंच आहेत. जेवणाआधी भरलेली कुठं गेली?

आश्लेषा : पहिल्या ट्रकनं. वॉटर स्ट्रीटच्या भिंतीला.

नाना : म्हणजे डोरिसबाईंच्या गल्लीत.

आश्लेषा : त्यांच्याच घरामागे. ते शेवटचं घर.

नाना : एक्केचाळीस.

आश्लेषा : काय एक्केचाळीस?

नाना : जेवणाआधीची माझी पोती. लाभ, दोन, तीन असं मोजत होतो. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तसं मोजत एक्केचाळीस झाली. नदी किती वाजता माथ्यावर येणार?

आश्लेषा : उद्या सकाळी दहाच्या सुमाराला.

नाना : बाईंनी घर सोडलं?

आश्लेषा : सामान वरच्या मजल्यावर नेलंय. त्या स्वतः हलत नाहीत. म्हणतात, भिंत आहे ना आता.

नाना : मला टोमॅटोची रोपं दिली होती त्यांनी. एक शब्द कळत नाही एकमेकांचा, तरी तासतास बसतो आम्ही त्यांच्या ओसरीवर.

आश्लेषा : चार हजार पोती आहेत त्या भिंतीत. एक्केचाळिसांनी कदाचित काही होणारही नाही. म्हणाल तर घरी जाऊ.

नाना : शंभर पोत्यांत एक ओलं निघालं, तर थप्पी त्या एकापाशीच कोसळते. दार उघड.

आश्लेषा : तुम्ही बसा, मी वॉल्टला सांगून येते. पण सापडणार कशी? सगळी पोती पांढरी, एकसारखी.

नाना : माझी एकसारखी नाहीत. त्यांना कान आहेत.

आश्लेषा : कान?

नाना : तोंड बांधताना दोन्ही टोकांना कान काढलेत. हमालाला धरायला बरे पडतात. इथं दुसरं कुणी काढत नाही. लहानपणी आडतीत यायचीस तेव्हा त्यांना ससे म्हणायचीस तू.

आश्लेषा : आठवतं. बरं, मी सांगून येते.

नाना : तू नाही. माप चुकलं तर मापाडी स्वतः उभा राहून सांगतो. तू फक्त त्याच्या भाषेत सांग. आणि गोड करू नकोस. म्हातारे आहेत, माहीत नव्हतं, असलं काही नको. पोती माझी, चूक माझी, आत्ता काढायला हवीत, एवढंच.

आश्लेषा : चला. सावकाश, चिखल आहे. वॉल्ट, एक मिनिट. हे माझे वडील. त्यांना काही सांगायचंय.

नाना : सांग.

आश्लेषा : सांगितलं.

नाना : गोड केलंस?

आश्लेषा : नाही. त्यानं वायरलेसवर भिंतीकडच्या माणसांना कळवलंय, सशाच्या कानांची पोती शोधा.

नाना : ससे कुठून आणलेस मधेच?

आश्लेषा : नुसते कान म्हटले तर त्यांना कळेना.

नाना : थांबतो मी इथंच. आकडा कळल्याशिवाय हलत नाही.

आश्लेषा : पाव तास झाला. बसा तरी. थांबा, बोलतायत ते. अडतीस सापडली. डोरिसबाई काठीनं दाखवतायत म्हणे.

नाना : अजून तीन.

आश्लेषा : चाळीस.

नाना : एक राहिलं. लाभाचं असेल, अगदी तळाशी. पहिलं भरलं ते पहिलं रचलं असणार.

आश्लेषा : तळच उपसतायत. सापडलं, नाना. सगळी सोडून, अर्धी ओतून पुन्हा रचतायत. अंधाराच्या आत होईल म्हणतोय.

नाना : आता काय विचारतोय तो? माझ्याकडे बघतोय.

आश्लेषा : म्हणतोय, पाणी उतरायला पंधरा दिवस लागतील. मग ही सगळी पोती मोजून काढावी लागतील. इतकं नेमकं मोजणारा माणूस त्याच्याकडे नाही. तुम्ही असाल का, असं विचारतोय.

नाना : माझे हातमोजे कुणी उचलले?

आश्लेषा : ढिगावरच आहेत. त्याला काय सांगू, नाना?

नाना : असेन म्हणावं. आणि मालिनीला हाक मार. या खेपेला ती बस म्हणेल तिथं थांबेन.