तीन कार्बोरेटरचा आवाज

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य हणमंतराव सर, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती राजशेखर सर, दामिनीवहिनी, आणि जेवणाचा वास येत असूनही बसून राहिलेल्या सभागृहा,

सिव्हिल विभागातून निवृत्त होणाऱ्या राजशेखर सरांविषयी चांगलं बोलायला मला उभं केलंय. चांगलंच बोलीन. पण मी मेकॅनिकलचा. इंजिनात खडखड असली तर लपवत नाही. मला या माणसाचा हेवा वाटतो.

कँटीनमध्ये वर्षानुवर्षं मी त्यांना एका ऑस्ट्रेलियन गाडीचा इतिहास सांगत आलो. होल्डन टोराना. सदुसष्ट साली निघाली तेव्हा चार सिलिंडरची साधी, संसारी गाडी. पुढं कंपनीनं तिचं नाक लांबवून आत सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्यातूनच आली एक्सयू-वन. अंगानं लहान, पण पेट्रोल-हवा मिसळणारे कार्बोरेटर तीन, आणि त्यांचा आवाज काही औरच! बहात्तर साली बाथर्स्टच्या डोंगरावरच्या शर्यतीत तिनं आठ सिलिंडरच्या दांडग्या व्ही-एट गाड्यांना मागं टाकलं. ऐंशीत टोराना बंद झाली, अलीकडं होल्डनचं नावही मिटलं. सांगताना माझा चहा गार व्हायचा. सर एवढंच विचारायचे, "माइलेज किती देती?"

आता नशीब बघा. यांच्या लेकीचं, मंजुश्रीचं लग्न झालं ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला. सासरे तिथलेच, आणि त्यांच्या शेडमध्ये उभी बहात्तरची एक्सयू-वन! सर मागच्या उन्हाळ्यात जाऊन आले. बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढून नमस्कार करतानाचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं, "तुम्ही म्हणता ती हीच का?" त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

आल्यावर विचारलं, "बसलात का आत?"

"बसलो की. दोनच दारं हायत हो. आमच्या हिला मागच्या सीटवर शिरताना लई त्रास."

"चालू केली? आवाज कसा होता?"

"ध्यान न्हाई दिलं. शेडच्या फरशीला चीर पडली हाय, ती बघत बसलो होतो."

अध्यक्ष महाराज, हा कुठला न्याय? बरं, मनसोक्त भांडावं तर तेही जमत नाही. आपल्या वसतिगृहाच्या छताची चीर याच नजरेनं वेळेत हेरली होती. त्या खोल्यांतली पोरं आज सुखरूप आहेत.

सर, मंगळवारी तुम्ही कायमचे लेकीकडं चाललात. एकच मागणं आहे. व्याह्यांना गाडी चालू करायला लावा आणि मला फोन करा. पोचलो म्हणू नका, हवापाणी सांगू नका. फोन बॉनेटजवळ धरा आणि गप्प उभे राहा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. राजशेखर सरांना माफ करायचं की नाही, ते मी फोन आल्यावर ठरवीन.